सत्यनारायणाचा संकल्प, मनूचा मासा आणि डार्विन



गेल्या श्रावणात आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. आमचे गुरुजी संकल्प सांगताना काही गाळत नाहीत. भरतखंडाच्या जागी अमेरिकेचं नाव घेतात, आमच्या गावाचं नाव घेतात आणि त्याबरोबर काळही सांगतात: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं महायुग, कलियुगाचा पहिला चरण. आठवीतली आमची मुलगी पाटाजवळ बसून हे ऐकत होती. नंतर प्रसादाचा शिरा खाताना तिनं विचारलं, "बाबा, गुरुजी ॲड्रेस सांगत होते का?"

पत्ताच तो. एवढ्या मोठ्या काळात आपण नेमके कुठे बसलो आहोत, याचा. मी तिला सांगितलं की या कल्पाचं नाव वराहावरून पडलं. पाण्यात बुडालेली पृथ्वी त्यानं सुळ्यावर उचलून वर आणली. मग पुढचा प्रश्न आलाच. "हे खरंच झालं होतं?"

माझ्या लहानपणी माझ्या काकांनी मला जे उत्तर दिलं होतं, तेच मी तिला देऊन मोकळा झालो. तुम्हीही ते ऐकलं असेल, कदाचित दिलंही असेल. दशावतार म्हणजे उत्क्रांतीच. आधी मासा, मग पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारं कासव, मग रानडुक्कर, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका वामन, मग परशू घेतलेला, मग धनुष्य घेतलेला. आपल्या ऋषींना हे डार्विनच्या आधीच ठाऊक होतं!

मुलगी खूश झाली. तिनं शाळेत सायन्सच्या वर्गात ते सांगितलंही. आणि संध्याकाळी तीन प्रश्न घेऊन घरी आली. एक, कासव माणसाचा पूर्वज आहे का? दोन, परशुराम रामाला भेटतो आणि पुढे महाभारतात कर्णाला शिकवतो, मग तो रामाच्या आधीची 'स्टेज' कसा? आणि तीन, मासा आला तेव्हा मनू तिथे होताच ना? मग आधी माणूस की आधी मासा?

तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरचे काही शनिवार-रविवार मी वाचत बसलो, आणि आजचा भाग त्यातूनच तयार झाला आहे.

सृष्टीच्या गोष्टी वाचायच्या तीन पद्धती साधारणपणे दिसतात. पहिली, शब्दशः: जसं लिहिलंय तसंच घडलं. दुसरी, विज्ञानाशी जुळवून: लिहिणाऱ्याला आजचं विज्ञान माहीत होतं, फक्त त्यानं ते कोड्यात सांगितलं. तिसरी, रूपक म्हणून: गोष्ट घटनेबद्दल नाहीच, अर्थाबद्दल आहे. आपण शिकलेली, नोकरी-व्यवसाय करणारी मंडळी पहिलीला हसतो, तिसरीबद्दल फार बोलत नाही, आणि दुसरीच्या मात्र प्रेमात असतो. माझं म्हणणं असं की तिघींत सगळ्यात कच्ची हीच आहे.

पहिली पद्धत आपल्याला इथे हायवेवरही भेटते. केंटकी राज्यात नोहाची नौका बायबलमधल्या मापानं बांधून २०१६ साली प्रेक्षकांसाठी उघडली. आत डायनासोरही ठेवले आहेत. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व ४००४ असा काढला होता. यावरून इथे कोर्टकचेऱ्याही झाल्या. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. त्या खटल्यात बायबलच्या बाजूचे मोठे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः साक्षीला उभे राहिले, आणि उलटतपासणीत त्यांनाही मान्य करावं लागलं की सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे असतीलच असं नाही.

तशी सोय त्या ग्रंथानं स्वतःच ठेवली आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी, झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. सूर्याशिवाय तीन दिवस कसे मोजले? दुसऱ्या अध्यायात तर क्रमच बदलतो, माणूस प्राण्यांच्या आधी येतो. संत ऑगस्टिननं दीड हजार वर्षांपूर्वीच हे ओळखलं होतं. सृष्टीचे दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस नव्हेत, असं त्यानं मांडलं. शिवाय निसर्गाबद्दल जाणकार लोकांसमोर धर्मग्रंथाच्या नावानं काहीबाही बोलून आपलं हसं करून घेऊ नका, अशी ताकीदही आपल्या लोकांना दिली.

आता दुसरी पद्धत, म्हणजे आपली लाडकी. 'दशावतार म्हणजे उत्क्रांती' हे आपण पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान समजतो. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली. दशावताराशी त्याची सांगड घालणारं एक अगदी सुरुवातीचं लेखन आहे मादाम ब्लाव्हात्स्की यांचं. या जन्मानं रशियन बाई न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होत्या, आणि त्यांचा तो ग्रंथ १८७७ साली न्यूयॉर्कमध्येच छापला गेला. पुढे १८८२ च्या सुमारास कोलकात्यात केशवचंद्र सेन यांनीही तसंच मांडलं. म्हणजे माझ्या काकांचं ते उत्तर ऋषींपेक्षा न्यूयॉर्कच्या छापखान्याला जास्त जवळचं निघालं! इंग्रजी राज्यात आपल्या धर्माला मागासलेला म्हणत असताना असं काही सांगावंसं वाटणं मी समजू शकतो. पण मुलीच्या प्रश्नांना त्यानं उत्तर मिळत नाही.

कासव माणसाचा पूर्वज नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची शाखा आणि आपली शाखा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. डुक्कर आपलं फार तर लांबच्या भावकीतलं. उत्क्रांती ही एकेक पायरी चढत जायची शिडी नाही, ती वडासारखी सगळीकडे फांद्या फुटलेली आहे. आणि दहाच अवतार, त्याच क्रमानं, हेही सगळीकडे नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या तिसऱ्या अध्यायात बावीस अवतार मोजले आहेत. त्यात वराह दुसरा, आपले दत्तात्रेय सहावे, आणि मासा चक्क दहावा! महाराष्ट्रात तर जुन्या काही पंचांगांत आणि देवळांतल्या दशावतारात नवव्या जागी बुद्ध म्हणून विठोबा उभा आहे. उत्क्रांतीची यादी करायची तर यातले बारा अवतार गाळायचे, क्रम बदलायचा आणि मग म्हणायचं, बघा, जुळलं! आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात क्लायंटला हवा तोच आलेख दाखवायचा असेल तर असंच करतात. त्याला कुणी शोध म्हणत नाही.

आकड्यांचंही तसंच. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. व्हॉट्सॲपवर हे दोन आकडे शेजारी ठेवलेला निरोप मला वर्षातून दोनदा तरी येतो. पण संकल्पातला पत्ता नीट वाचा की! सहा मन्वंतरं उलटली, सातव्यातलं अठ्ठाविसावं महायुग चालू आहे. त्याच हिशेबानं या कल्पातली सुमारे १९७ कोटी वर्षं झाली आहेत. म्हणजे तुलना करायचीच तर १९७ ची ४५४ शी करायला हवी, आणि ती जुळत नाही. कार्ल सेगननं आपल्या 'कॉसमॉस' मालिकेत हिंदू कालगणनेच्या अवाढव्य आकड्यांचं कौतुक केलं, हे सगळे सांगतात. हे साम्य योगायोगाचं आहे, असंही त्यानं तिथेच म्हटलं होतं, ते कुणी पुढे पाठवत नाही. मला स्वतःला ते आकडे कशाशी न जुळवताही थक्क करतात. माणसाचं आयुष्य शंभर वर्षांचं, आणि त्यानं कल्पना केली कोटी-कोटी वर्षांची.

या जुळवाजुळवीचा धोका सगळ्यात चांगला ओळखला तो एका धर्मगुरूनं. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली मांडलं, आणि आज ज्याला आपण महास्फोट म्हणतो त्या कल्पनेचे ते जनक. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी भाषणात सुचवलं की विज्ञान आता सृष्टीच्या निर्मितीलाच दुजोरा देऊ लागलंय. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. त्यांच्या मते सिद्धांत हा सिद्धांत होता, उद्या बदलू शकणारा, आणि श्रद्धेचा खुंटा त्याला बांधायचा नव्हता. महास्फोटाच्या सिद्धांताला आयुष्यभर आव्हान देणारे एक शास्त्रज्ञ तर आपलेच होते, डॉ. जयंत नारळीकर. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी दुसरं प्रारूप मांडलं. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, पण वाद झाला तो दुर्बिणींच्या निरीक्षणांवर. वेदांत आधुनिक विज्ञान होतं, या दाव्यांनाही नारळीकर तोच पुरावा मागत.

मग मनूच्या माशाचं काय? मुलीचा तिसरा प्रश्न राहिलाच आहे. ही गोष्ट शतपथ ब्राह्मणात येते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, आम्ही लहान असतो तेव्हा मोठे मासे आम्हाला खातात. मनू त्याला आधी घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. पुढे महापूर येतो आणि तोच मासा मनूची नाव ओढून उत्तरेच्या डोंगराशी नेतो. या सगळ्यात मासा विष्णूचा अवतार आहे, असं तिथे म्हटलेलंही नाही. ते नंतरचं.

मोठा मासा लहान माशाला खातो, याला संस्कृतात शब्दच आहे: मात्स्यन्याय. बळी तो कान पिळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात म्हटलंय की या मात्स्यन्यायानं गांजलेल्या लोकांनी वैवस्वत मनूला आपला राजा केलं. संकल्पात ज्याच्या नावाचं मन्वंतर आहे, तोच हा मनू. आता गोष्ट पुन्हा वाचा. राजा कोण होतो? ज्यानं एका बोटभर माशाला मोठ्या माशांपासून वाचवलं, तो. ही गोष्ट प्राणी कसे झाले हे सांगतच नाही. ती सांगते की दुबळ्याला सांभाळणारा नसेल तर जग बुडतं. उत्क्रांतीच्या पहिल्या पायरीवर बसवलं की हा मासा मुका होतो.

रूपकाची पद्धत मला म्हणूनच आवडते. पण तीही बिनधोक नाही, कारण रूपक कुणाचं, हा प्रश्न उरतोच. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्ण सांगितले आहेत. 'ते समाजाचं रूपक आहे' असं म्हणणं ज्यांना मुखाची जागा मिळाली त्यांना सोपं जातं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्म झाल्याची गोष्ट त्यांनी मुद्दाम शब्दशः घेतली आणि तिच्या चिंध्या केल्या. मग मत्स्य, कच्छ, वराह करत वामनापर्यंत एकेक अवतार घेऊन ते म्हणाले, हा तर बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांना जिंकल्याचा इतिहास आहे, आणि त्यातला खरा चांगला राजा बळी. फुल्यांचा तो इतिहास आज तसाच्या तसा स्वीकारावा असं नाही. पण दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणाऱ्या आपल्या आज्या वामनाच्या बाजूनं नव्हत्या, हे तर खरंच ना? आणि आपल्यासाठी एक गंमत: ते पुस्तक फुल्यांनी अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल.

आता घरचं. मी मुलीला सरळ सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. पृथ्वी कशी झाली, माणूस कुठून आला, हे तू सायन्सच्या पुस्तकात वाच, ते आपल्याला आज माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. वराहाची आणि माशाची गोष्ट मात्र मला विचार, नाही तर आजीला. फोनवर आजीला तिनं विचारलंही, "मासा खरा होता का?" आजी म्हणाली, "अगं, आधी मनूनं त्याला घागरीत ठेवलं की नाही, ते ऐक." आजीला तिन्ही पद्धती एकदम येतात.

तुमच्यातल्या चाळिशीच्या मंडळींना दूरदर्शनवरची 'भारत एक खोज' आठवत असेल, १९८८ सालची. तिचं शीर्षकगीत म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचं हिंदी रूप. एका रविवारी मी ते मुलीला ऐकवलं आणि सातही ऋचांचा अर्थ सांगितला. आरंभी असणंही नव्हतं आणि नसणंही नव्हतं, इथून ते सुरू होतं. आणि शेवटी म्हणतं की हे सगळं कुठून आलं ते वर बसून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नसेल.

"म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला उत्तर माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि तरी त्यांनी हे पाठ करून ठेवलं? एवढी वर्षं?"

"हो."

तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.