सुपारी, धोतरा आणि वृद्धाचा मेंदू

रायगडच्या किनाऱ्यावरील श्रीवर्धन हें पेशव्यांचें मूळ गांव. परंतु मुंबईच्या पानदानांत त्याची ओळख रोठा सुपारीनेंच अधिक. जेवणानंतरच्या विड्यानें वृद्ध मंडळींस जी तरतरी येते, तिचें एक कारण सुपारींतील अरेकोलीन नांवाचें द्रव्य होय.

मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप धाडते तो बहुधा रसायनाच्या द्वारें. निरोप घेणाऱ्या पेशीच्या आवरणावर त्यासाठीं ठराविक घडणीचीं प्रथिनें असतात. त्यांस ‘ग्राहक’ म्हणतात. ॲसिटिलकोलीन हें असेंच एक निरोप्याचें काम करणारें द्रव्य. स्मरण व अवधान यांचा पुष्कळ भार त्याजवर आहे. अरेकोलीन त्याच्या ग्राहकांवर जाऊन त्याच्यासारखेंच काम करतें. उलट धोतऱ्यांतील स्कोपोलामीन तेथें नुसतें अडून बसतें, आणि खरा निरोप बाहेरच राहतो. १९७८ सालीं अमेरिकेंत सीताराम, वाइनगार्टनर व गिलिन यांनीं निरोगी माणसांवर दोन्ही द्रव्यें अजमावलीं. पहिल्यानें शब्दांची यादी लवकर पाठ झाली, दुसऱ्यानें पाठांतर अडखळलें.

वय वाढतें तसे हे ग्राहक घटत जातात. डोपामीन या दुसऱ्या द्रव्याचे ग्राहक तर जिवंत मेंदूंत मोजतां येतात. १९८३ सालीं बाल्टिमोर येथें हेन्री वॅग्नर यांनीं स्वतःच्याच मेंदूचें तसें चित्र काढविलें. पुढील मोजण्यांत प्रौढपणीं दर दहा वर्षांस सुमारें ५ ते १० टक्के घट आढळली. हालचाल व विचार मंदावण्याशीं तिचा संबंध आहे. पण एवढ्यावरून त्यास रोग म्हणतां येत नाहीं.

मग आजोबांनीं सुपारी वाढवावी काय? मुळींच नाहीं. विड्यांतील चुन्यानें अरेकोलीनचें रूप पालटतें; शिवाय सुपारी कर्करोगास कारण होते, हें आतां निर्विवाद ठरलें आहे.

खरी काळजी निराळीच. सर्दी, खाज वा झोप यांसाठीं कित्येक श्रोत्यांच्या घरीं ज्या जुन्या गोळ्या असतात, त्यांपैकीं कांहीं, उदाहरणार्थ डायफेनहायड्रामीन, धोतऱ्याप्रमाणेंच ॲसिटिलकोलीनची वाट अडवितात. तरुणास नुसती गुंगी येते. ज्याची शिल्लक आधींच थोडी, तो सत्तरीचा गृहस्थ मात्र मध्यरात्रीं उठून दिवंगत भावास हाका मारतो, अंथरुणावर नसलेले किडे वेचूं लागतो. कधीं लघवी तुंबते. घरचीं माणसें म्हणतात, म्हातारचळ लागला. अशा वेळीं डॉक्टरांस आधीं दाखवावयाची वस्तु म्हणजे गेल्या आठवड्यांतील गोळ्यांची पुडी. दोष तिचाच असेल, तर ती बंद होतांच पुष्कळदां कांहीं दिवसांत माणूस पुन्हा ताळ्यावर येतो.