आरशात न दिसणारा अंबाडा

ॲरिझोनातल्या चिनली गावातला चौथीचा वर्ग. प्रत्येक टेबलावर तळहाताएवढा आरसा. मी चित्रकलेचा मास्तर. माझ्या हिशेबी स्वतःचा चेहरा काढायचा म्हणजे आधी लंबगोल, मग मधोमध डोळ्यांची रेघ. इथल्या बाईंनी पेन्सिली खोक्यातच ठेवल्या. "आधी सांगा, तुम्ही कोणाचे?"

मुलं एकेक करून उठली. नाव, मग आईचं कूळ, वडिलांचं, आईच्या वडिलांचं आणि शेवटी वडिलांच्या वडिलांचं. ही मुलं नावाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांतली. नावाहो स्वतःला 'दिने' म्हणतात. त्यांची ओळख या चार कुळांनी होते आणि मूल आईच्या कुळातलं. कोणी 'कडू पाण्या'चं, कोणी 'उंच घरा'चं. जन्मभर बापाचं नाव मधे लावून हिंडलेला मी जरा वरमलोच. एका मुलाला चौथं कूळ आठवेना. बाई म्हणाल्या, "आजीला विचार. तोवर कागदाचा तो कोपरा कोरा ठेव."

मग पेन्सिली आल्या. बहुतेकांनी चेहऱ्यामागे तांबडे कडे काढले, गावालगतच्या कॅन्यन द शेचे. तिथूनच १८६४मध्ये अमेरिकी सैन्यानं यांच्या पूर्वजांना हुसकावून शेकडो मैल चालवत नेलं. १८६८च्या तहानंतर ते परतले. एकानं वाळूचित्रातली देवाची आकृती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी हळूच त्याचा हात धरला. विधीपुरती काढायची ती आकृती विधी संपला की मोडायची असते. वर्गाच्या भिंतीवर टांगायची नसते. मला तो नकार फार आवडला.

एक मुलगी मात्र रडकुंडीला आली. तिचा 'त्सीयेल', पांढऱ्या लोकरीनं मधोमध आवळलेला अंबाडा, मानेवर होता. आरशात दिसणार कुठून? डोक्यावर काढून पाहिला, तर पाव ठेवल्यासारखा दिसला. खोडून खोडून कागद झिजला. सरकारी वसतिशाळांत एकेकाळी नावाहो मुलं आली की आधी त्यांचे असे केस कापत. बाईंच्या आजीचेही कापले होते. ते त्यांनी मला दारात, मुलांना ऐकू जाणार नाही असं सांगितलं.

शेवटी मुलीनं डावा हात मागे नेला आणि लोकरीचे वेढे चाचपत उजव्या हातानं काढायला घेतलं. तासाअखेर कागदावर ती पाठमोरी उभी होती. गाठ किंचित सैल, सकाळच्या घाईतली.

"चेहरा?" मी न राहवून विचारलं.

"आजीला मी रोज अशीच दिसते."

बाहेर बस लागली. पोरं धावली. त्या मुलाच्या कागदाचा कोपरा तेवढा कोरा होता. कागद घडी न घालता, गुंडाळी करून त्यानं घरी नेला.