कमानपाट्याची पटाशी

ट्रकच्या कमानीतला तुटलेला पाटा हा सुतारकामाचे हत्यार घडवण्यासाठी भंगारात मिळणारा सर्वांत भरवशाचा माल आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग मराठवाड्यात नळदुर्ग, जळकोट, येणेगूर करत उमरग्यावरून जातो आणि तुरोरी मागे टाकून कर्नाटकात उतरतो. या रस्त्यावर जड वाहनांची ये-जा अखंड असते. बदललेले पाटे गॅरेजबाहेर साचतात आणि तिथून वजनाच्या भावाने भंगारात जातात. प्रत्यक्षात ते मुद्दाम मिसळ करून बनवलेले उत्तम पोलाद असते. त्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज आणि काही जातींत क्रोमियम. लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी बनवलेला हा धातू कामाच्या लाकडाचा आणि लाकडी मोगऱ्याचा मार सहज झेलतो. पटाशी, वाकस, रंध्याचे पाते या तिन्ही हत्यारांना तो चालतो.

गावगाड्यात सुतार आणि लोहार हे दोघेही पहिल्या मानाचे बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. सुतार तिफण, कुळव, बैलगाडी करी. लोहार फाळ, विळा, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव घडवी. सुताराचे हत्यार मात्र दोघांच्या सहकार्याने तयार होई. पाते लोहाराच्या ऐरणीवर आकाराला येई, दांडा सुतार स्वतः बसवी आणि धारही त्याची तोच काढी. पोलाद महाग होते, म्हणून वाकसाचे अंग साध्या लोखंडाचे ठेवून फक्त धारेपुरते पोलाद भरत. ते झिजले की लोहाराकडे नेऊन पुन्हा भरून घेत. अख्खे हत्यार पोलादाचे करण्याइतके पोलाद खेड्यात पोहोचले ते मोटारींबरोबर, तेही भंगार म्हणून.

उमरग्याच्या परिसरात पोलादाच्या या कामाला एक जुनी पार्श्वभूमीही आहे. १९५६पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात आणि नंतर त्याच नावाच्या राज्यात होता. त्याच मुलखात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम् हे गाव मुशीत पोलाद गाळण्यासाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही इराणी व्यापारी तलवारींसाठी तिथले पोलाद विकत घ्यायला येत. कारखान्यांतले स्वस्त पोलाद आले आणि ती विद्या संपली. कोळशाच्या भट्टीवर, रंग पाहून, डोळ्याच्या अंदाजाने पोलादाला पाणी देण्याचे कसब मात्र लोहारांकडे आणि गावोगाव पाल टाकणाऱ्या घिसाड्यांकडे टिकून राहिले.

लाकूडकामाची परंपराही इथे जुनी. मराठवाड्यातली माळवदाची घरे म्हणजे जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचे जड धाबे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या आणि हजारो माणसे गेली. ज्या घरांत धाब्याचा भार लाकडी खणाने धरला होता, तिथे भिंती पडूनही छत तोलले गेल्याची नोंद पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी केली. पुनर्वसनात सिमेंट आणि लोखंडाची घरे उभी राहिली. खांबाला कूस काढणे, तुळईला खाच पाडणे ही पटाशीची मोठी कामे घरबांधणीतून गेली. दारे-खिडक्या, जुन्या सागवानाची डागडुजी, अवजारांचे दांडे ही कामे उरली. त्यांना लागणारी रुंद, जाड, मार खाणारी पटाशी दुकानात मिळतेच असे नाही. मिळाली तरी स्वस्त मालाची धार बाभळीच्या गाठीवर वळते.

भंगारातला प्रत्येक तुकडा कामाचा नसतो आणि निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. बांधकामाच्या टीएमटी सळईत कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत असतो. ती कितीही तापवून बुडवली तरी पटाशीला लागतो तो कडकपणा तिला येत नाही. पाइप, अँगल, गेटची पट्टी यांचेही तेच. त्यांचे दांड्याचे कडे करावे, पाते करू नये. जुन्या चांगल्या कानशीत १ टक्क्याहून जास्त कार्बन असतो. तिची लहान पटाशी किंवा आखणीचा चाकू फार सुरेख होतो, पण आधी दाते पूर्ण घासून काढावे लागतात, कारण प्रत्येक दात ही तडकण्याची जागा असते. स्वस्त कानशी अनेकदा वरच्या सालीपुरत्याच कडक असतात. बेअरिंगच्या कड्यात १ टक्का कार्बन आणि सुमारे दीड टक्का क्रोमियम असते. ते मुळातच वळलेले असल्याने गोल धारेच्या पटाशीला सोयीचे पडते, फक्त घडवायला चिवट असते. पॉवर हॅक्सॉचे जुने अखंड हायस्पीड पाते खेड्यातल्या भट्टीवर घडत नाही आणि त्याची गरजही नाही. ते ग्राइंडरवर आकार देऊन जसेच्या तसे वापरावे. रेल्वेचे भंगार मात्र कुणी दिले तरी घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

धातू ओळखण्याची पहिली खूण ग्राइंडरवरच्या ठिणग्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि तुरळक फाट्यांच्या असतात. कार्बन वाढतो तशा त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे पाट्याचा बोटभर तुकडा लाल करून तेलात बुडवावा, शिकंज्यात धरून हातोडीने मोडावा. काच मोडावी तसा तो मोडला आणि मोडलेल्या जागी राखी, रेशमी, बारीक कण दिसले तर माल उत्तम आहे. कण साखरेसारखे मोठे दिसले तर तुकडा जास्त तापला होता. तो वाकला आणि मोडलाच नाही तर धातू बदलावा.

पाट्याचा एक दोष डोळ्यांना दिसत नाही. तो वाहनाखाली थकून तुटलेला असतो, त्यामुळे तुटल्या जागेजवळ आणि मधल्या बोल्टच्या भोकाजवळ बारीक तडे दडलेले असू शकतात. पाटा घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल चोळून थोडा वेळ मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि खडूची पूड लावावी. तडा असेल तर आतले तेल वर झिरपून पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. तेवढा भाग सोडून मधला तुकडा घ्यावा. पटाशीसाठी जीपच्या पाट्याची ६ ते ८ मिलिमीटर जाडी पुरते. ट्रकचा जाड पाटा वाकसाला चांगला.

कापण्याआधी पाटा मऊ करावा लागतो. भट्टीत तो चांगला लाल करावा आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या पुडीत पुरून रात्रभर ठेवावा. हळूहळू निवाल्याने तो करवतीला आणि कानशीला वश होतो. भट्टी मोठी लागत नाही. भंगारातला ब्रेक ड्रम, त्याला खालून पाइप आणि एक लहान ब्लोअर एवढ्यावर पटाशीचे काम निघते. कोळसा बाभळीचा असला तर आच दमदार राहते.

घडवताना पाटा नारिंगी तापलेला असावा. लाली काळपट झाली की हातोडा थांबवावा, कारण निवत्या पोलादावर मारलेला घाव आत तडा सोडतो. उलट पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले, तो भाग तोडून टाकण्याखेरीज इलाज नाही. आधी पाट्याची कमान ऐरणीवर सरळ करून घ्यावी. मग एका टोकाला दांड्यात शिरणारे निमुळते शेपूट काढावे. शेपटाच्या मुळाशी खांदा ठेवावा म्हणजे मोगऱ्याच्या माराने पाते दांड्यात घुसत नाही. खांद्याचा कोपरा काटकोनात न कापता किंचित गोल ठेवावा. पटाश्या मोडतात त्या बहुधा तिथेच. आकार झाला की पाते दोन-तीन वेळा लाल करून उघड्या हवेत निववावे, म्हणजे घावांनी आलेला ताण निघतो आणि कण बारीक होतात.

यानंतर कानशीने घासकाम. भट्टीत पोलादाच्या वरच्या सालीतला कार्बन जळलेला असतो, म्हणून ती साल सगळीकडून काढावी. धारेचा उतार काढावा, पण धार पूर्ण करू नये. टोकाशी सुमारे १ मिलिमीटर जाडी राखावी. पातळ धार पाणी देताना तडकते किंवा वेडीवाकडी होते.

हत्याराची खरी किंमत ठरते ती पाणी देण्यात. तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडात विरघळतो. ते एकदम निवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकून राहतो आणि लोखंडाची आतली रचना ताणली जाऊन अतिशय कठीण बनते. कार्बन विरघळण्याचा बदल सुमारे ७२७ अंश सेल्सिअसपासून सुरू होतो. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक धरत नाही आणि हीच भट्टीजवळची सर्वांत सोपी मोजपट्टी आहे. तारेला टांगलेला चुंबक पात्याला लावून पाहावा. पाट्याच्या पोलादाला ८५० अंशांच्या जवळ जावे लागते, म्हणून चुंबक सुटल्यावर लाली आणखी थोडी उजळू द्यावी आणि मगच पाते बाहेर काढावे. हे काम संध्याकाळी किंवा सावलीत करावे. दुपारच्या उन्हात लाली फिकी दिसते आणि पाते जास्त तापवले जाते.

पाटा पाण्यात बुडवला तर तडकण्याचा धोका मोठा. तेल वापरावे, तेही कोमट, ५० अंशांच्या आसपास. थंड घट्ट तेलापेक्षा कोमट पातळ तेल उष्णता लवकर ओढते. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल फुकट मिळते, पण त्याचा धूर छातीला वाईट. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल त्याहून बरे. लोखंडी डबा, त्यावर बसणारे झाकण आणि शेजारी वाळूची बादली हवीच; तेल पेटले तर पाणी ओतू नये. पाते धारेकडून सरळ उभे, दोन-अडीच इंच बुडवावे आणि वर-खाली हलवावे. आडवे हलवले तर एक बाजू आधी निवते आणि पाते वाकते. शेपूट आणि खांदा मऊच राहू द्यावा.

निवालेल्या पात्यावर नवी कानस ओढावी. ती घसरून गेली तर कडकपणा आला. पण या अवस्थेत पाते काचेइतके ठिसूळ असते, हातातून फरशीवर पडले तरी तुकडा उडतो. म्हणून त्याच बैठकीत उतरणी करावी, म्हणजे हलके तापवून ठिसूळपणा कमी करावा. पाते एमरी कागदाने चकचकीत घासावे आणि खांद्याच्या बाजूने हळू तापवावे. घासलेल्या जागेवर रंग धारेकडे सरकताना दिसतात. आधी फिकट पिवळा, मग गवती, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. फिकट पिवळा सुमारे २१० अंशांना येतो, निळा ३०० अंशांच्या जवळपास. पाट्याच्या पटाशीला धारेवर फिकट पिवळा रंग पोहोचताच पाते तेलात विझवावे. वाकस झोक्याने बसतो, त्याची धार तपकिरी-जांभळ्यापर्यंत उतरवावी. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर तासभर, असे दोनदा ठेवणे जास्त खात्रीचे. रंग धारेवरून पुढे गेला तर उपाय एकच, पुन्हा लाल करून पुन्हा पाणी देणे.

पटाशीची सपाट पाठ धारेइतकीच महत्त्वाची. काचेवर एमरी कागद पसरून ती आरशासारखी होईपर्यंत घासावी. पाठीवर ओरखडे असतील तर धार कधीच स्वच्छ येत नाही. उताराचा कोन सागवानाला २५ ते ३० अंश, बाभळीसारख्या कठीण लाकडाला ३५ अंशांपर्यंत. कोनमापक नसला तरी चालते. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवली की कोन बरोबर ३० अंशांचा होतो. ग्राइंडरवर घासताना दर दोन-चार सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे. धारेवर एकदा निळा डाग पडला की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. शेवटची धार दगडावर तेल घालून काढावी आणि चामड्यावर ओढावी. दांडा बाभळीचा, उभ्या रेषेच्या वाळक्या लाकडाचा घ्यावा. दोन्ही टोकांना पाइपच्या तुकड्याचे कडे चढवावे म्हणजे तो माराने फाटत नाही. सगळे काम करताना डोळ्यांना चष्मा हवा, पायांत चामडी बूट हवेत आणि जस्त चढवलेला कोणताही तुकडा भट्टीत जाता कामा नये, त्याचा धूर विषारी असतो.

हे कसब आता सरकार-दरबारीही नोंदले गेले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार आहेतच, शिवाय हातोडा व अवजारसंच बनवणारे कारागीर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. योजनेत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ती मदत तयार अवजारांच्या पेटीवर थांबू नये. पाण्याची आणि उतरणीची विद्या जाणणारे लोहार आणि घिसाडी हयात आहेत तोवर त्यांच्या भट्टीशेजारी शिकाऊ मुले बसवली पाहिजेत, कारण लालीच्या छटा पुस्तकातून कळत नाहीत.

नवे हत्यार पहिले काही दिवस पारखून वापरावे. धारेचे कण उडत असतील तर उतरणी कमी पडली आहे, रंग एक पायरी पुढे न्यावा. धार वळत असेल तर उतरणी जास्त झाली किंवा पाणी नीट बसले नाही. पाते पुन्हा तापवून पाणी द्यावे. सुरुवात एक इंच रुंदीच्या पटाशीने करावी. वाकसाचे नेढे पाडायला घणकरी जोडीदार आणि सरावलेला हात लागतो, त्याची घाई करू नये.