आजी, हे अंगात किती वेळ राहणार?



गेल्या वर्षी मुलाकडे कतारला, दोह्यात होते. पाठ फार दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला. आठ वर्षांपूर्वी माझं छातीचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ते काय शोधताहेत हे मला वेगळं सांगायला नको होतं. सकाळी नऊला टेक्नेशियम-99एमचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "तीन तास थांबा, पाणी भरपूर प्या." मुंबईत मी स्वतः हेच वाक्य किती पेशंटना सांगितलं असेल!

नातू सोबत होता. तो तिथल्या एज्युकेशन सिटीत, टेक्सास ए अँड एमच्या शाखेत शिकतो. त्यानं विचारलं, "आजी, हे अंगात किती वेळ राहणार?" पेशंटही हेच विचारायचे.

मी म्हटलं, टेक्नेशियम-99एमचं अणुकेंद्र जादा ऊर्जा धरून बसलेलं असतं. ती गॅमा किरणाच्या रूपानं टाकली की शांत होतं. कॅमेरा ते किरण टिपतो. एकटं केंद्र कधी शांत होईल ते कुणालाच सांगता येत नाही. पण कोट्यवधी एकत्र असले की दर सहा तासांनी निम्मे उरतात. सकाळी नऊला 20 मिलिक्युरी असेल तर दुपारी तीनला 10, रात्री नऊला 5. लघवीवाटे जातं ते वेगळं, म्हणून तर पाणी.

तो म्हणाला, "बाहेरच्या इलेक्ट्रॉनचंही असंच असतं." मग पुढचा तासभर तो मास्तर आणि मी विद्यार्थिनी. खरं सांगते, भीती तेवढीच कमी झाली.

रस्त्यावरचा पिवळा सोडियमचा दिवा आठवा. त्यात अणूचा इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि साधारण 16 नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या 16 अब्जांश भागात, प्रकाश टाकून खाली येतो. पण लेसरनं त्याला फार वर, पन्नासाव्या पायरीपर्यंत नेलं, तर अणू नेहमीपेक्षा हजारो पट फुगतो. त्याला रिडबर्ग अणू म्हणतात. मला वाटलं होतं, जितका वर तितका लवकर पडेल. उलटंच आहे! इलेक्ट्रॉन केंद्रापासून इतका लांब असतो की ऊर्जा टाकायला त्याला फार वेळ लागतो. इलेक्ट्रॉनची वाट गोल असेल तर असा अणू सेकंदाच्या सुमारे तीस हजारांश भागापर्यंत टिकतो. सोडियमच्या जवळपास वीस लाख पट!

हे मोजतात कसं? आपल्या दवाखान्यासारखंच, मोजदाद करून. निर्वात भांड्यात पुष्कळ अणू लेसरनं वर चढवायचे, थोडं थांबायचं, मग विजेचं क्षेत्र लावायचं. वर असलेल्यांचा इलेक्ट्रॉन त्या ओढीनं सुटतो, तो मोजायचा. पुढच्या खेपेला जास्त थांबून पुन्हा मोजायचं. आकडा कसा उतरत जातो त्यावरून आयुष्य कळतं. आम्ही निम्मे उरायची वेळ धरतो, हे लोक सुमारे 37 टक्के उरायची.

यात एक खोडा आहे, तो म्हणजे ऊब. साध्या खोलीच्या भिंतींतून येणारी उष्णतासुद्धा या अणूंना शेजारच्या पायरीवर ढकलते आणि आयुष्य कमी भरतं. म्हणून यंत्र थंड करतात. पॅरिसच्या सर्ज अरोश यांनी ते उणे 272 अंशांपर्यंत नेलं होतं. कासाब्लांकाच्या ज्यू घरात जन्मलेले हे गृहस्थ, 2012 चं नोबेल डेव्हिड वाइनलँड यांच्याबरोबर त्यांना मिळालं. बाहेर दोह्याचा उन्हाळा, पंचेचाळीस अंश. मी म्हटलं, "बिचारा अणू इथे काय टिकणार!"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. हाडं स्वच्छ, मणक्यात वयाची झीज. नातवानं आधी घड्याळ पाहिलं, हिशेब केला आणि म्हणाला, "आजी, चोवीस तास झाले. आता सोळावा हिस्सासुद्धा उरला नाही."