काशीविश्वनाथ मावत नाही, मणिकर्णिका मावते!

घरच्या वायफायला देवनागरीत 'काशीविश्वनाथ' असं नाव द्यायला गेलात, तर ते बसणार नाही. 'मणिकर्णिका' मात्र अगदी आरामात बसतं. वायफायच्या नावाला नियमानं फक्त 32 बाइट जागा मिळते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, अक्षराचा मोडलेला पाय हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. काशीविश्वनाथाची चिन्हं होतात बारा, म्हणजे 36 बाइट. मणिकर्णिकेची दहा, म्हणजे 30. काशीत ज्या घाटांच्या आसपास मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यातला 'दुर्गाघाट' 27 बाइटांत बसतो आणि 'पंचगंगा घाट' मधल्या मोकळ्या जागेसकट 31 वर पोचून थोडक्यात वाचतो. 'दशाश्वमेध घाट' 37 बाइटांचा, तो बाहेरच राहतो. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका आणि जन्म काशीतला. काशीतल्या मराठी घराच्या वायफायला याहून छान नाव मला तरी सुचत नाही.

राउटरनं असं नाव स्वीकारलं, तर लिनक्स ही खुली कार्यप्रणाली चालणाऱ्या लॅपटॉपवर ते यादीत देवनागरीतच दिसतं. पासवर्डाला मात्र ही मुभा नाही. तो रोमन अक्षरं, आकडे आणि साध्या चिन्हांचाच हवा, कमीत कमी 8 आणि जास्तीत जास्त 63.

नावही कुलपाचा भाग

डब्ल्यूपीए2 या वायफायच्या सुरक्षा-पद्धतीत तुमचा पासवर्ड जसाच्या तसा किल्ली म्हणून वापरला जात नाही. तो नेटवर्कच्या नावाबरोबर 4096 फेऱ्यांमधून घुसळला जातो आणि त्यातून 256 बिटांची किल्ली तयार होते. त्यामुळे एकच पासवर्ड दोन वेगळ्या नावांच्या नेटवर्कवर ठेवला, तरी किल्ल्या वेगळ्या निघतात. म्हणूनच राउटर खोक्यातून आला तेव्हाचं नाव बदलावं: सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्या आधीच काढून ठेवलेले तक्ते चोरांकडे असतात. 'मणिकर्णिका' त्या तक्त्यांत सापडायची शक्यता फार कमी!

आणखी एक सुरेख गोष्ट म्हणजे जोडणी होताना पासवर्ड हवेतून जातच नाही. लॅपटॉप आणि राउटर एकमेकांना चार निरोप पाठवतात. त्यात दोघं आपापला एकेक यादृच्छिक आकडा देतात आणि किल्ली आपल्याकडे आहे हे किल्ली न दाखवता सिद्ध करतात. हे चार निरोप कुणी टिपून घेतले, तर त्याला घरी बसून पासवर्डाचे अंदाज लावत बसता येतं. आठ अक्षरी सोपा पासवर्ड अशा वेळी लवकर पडतो, वीस अक्षरी टिकतो. 2018 साली आलेल्या डब्ल्यूपीए3 नं घरबसल्या अंदाज लावायची ही वाटच बंद केली.

लपवलेलं नेटवर्क जास्त बडबड करतं

राउटरचं नाव लपवलं की आपण सुरक्षित झालो, असं अनेकांना वाटतं. होतं उलटं. नाव जाहीर होत नाही, म्हणून तुमचा लॅपटॉपच ते पुकारत फिरतो: स्टेशनवर, विमानतळावर, चहाच्या टपरीवरसुद्धा. नाव लपवू नका.

एक उघडं वायफाय, वाशी ते शीतला घाट

हा मजकूर गमतीचा असला, तरी पुढची हकिकत गंभीरपणे वाचावी. 7 डिसेंबर 2010 च्या संध्याकाळी वाराणसीच्या शीतला घाटावर गंगा आरती चालू असताना स्फोट झाला. एका चिमुरडीचा जीव गेला, कितीतरी माणसं जखमी झाली. थोड्याच वेळात जबाबदारी घेणारा ईमेल वृत्तसंस्थांकडे पोचला. तपास काशीपासून हजारभर किलोमीटरवरच्या नवी मुंबईत, वाशीत येऊन थांबला. तिथल्या एका घरचं वायफाय पासवर्डाविना उघडं होतं आणि ईमेल त्याच्यावरून गेला होता. त्या घराचा या कटाशी संबंध नव्हता.

नवी मुंबईला हे नवंही नव्हतं. 26 जुलै 2008 ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला ईमेलही सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला होता. त्यानंतर 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून फिरत उघडी नेटवर्क शोधायचं ठरवलं होतं. तरीही पुढच्याच वर्षी वाशीतलं एक नेटवर्क उघडं सापडावं, याचं मला फार वाईट वाटतं. पासवर्ड घालायला पाच मिनिटं लागतात.

कुलपांच्या पिढ्या

वायफायचं पहिलं कुलूप 1997 चं, डब्ल्यूईपी नावाचं. 2001 मध्ये ते कसं फोडायचं हे संशोधकांनी कागदावर मांडलं आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात फोडून दाखवलं. डब्ल्यूपीए 2003 मध्ये आलं, डब्ल्यूपीए2 2004 मध्ये. डब्ल्यूपीए2 ज्या एईएस संकेतपद्धतीवर उभं आहे, ती बेल्जियमच्या दोन संशोधकांनी रचली. 2017 च्या ऑक्टोबरात डब्ल्यूपीए2 मधली 'क्रॅक' ही फट शोधणारा मॅथी व्हॅनहूफही बेल्जियमचाच, लूवेन विद्यापीठातला! एईएसला त्यात धक्का लागला नाही. चूक होती ती त्या चार निरोपांच्या हाताळणीत. तिसरा निरोप पुन्हा पाठवला की काही उपकरणं जुनी किल्ली नव्यानं बसवत.

लिनक्सवर हे सगळ्यात वाईट होतं. वायफायचं कुलूप उघडण्याचं काम तिथे 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' हा प्रोग्रॅम करतो. योउनी मालिनेन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरनं तो लिहिला आणि आज अँड्रॉइड फोनांतही तोच चालतो. त्याच्या त्या वेळच्या आवृत्त्या किल्लीच्या जागी चक्क सगळी शून्यं बसवत होत्या. पण प्रोग्रॅम खुला असल्यामुळे दुरुस्ती तयारच होती, आणि बातमी आली त्याच दिवशी प्रमुख लिनक्स वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या पुरवणाऱ्या गटांनी, ती पाठवायला सुरुवात केली. अपडेटची सूचना 'नंतर' म्हणून ढकलू नये, ती यासाठी.

वायफाय हवं असेल तर आधी वायफाय आणा

लिनक्सवर वायफाय जोडायचं म्हणजे डोकेदुखी, असा जो लौकिक होता त्याला कारण होतं. वायफायच्या चिपला स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, फर्मवेअर. डेबियनसारखी वितरणं खुलं नसलेलं फर्मवेअर तत्त्व म्हणून सोबत देत नसत. म्हणजे फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट मिळायला फर्मवेअर. ब्रॉडकॉमच्या चिपा तर इतक्या छळायच्या, की लोक विंडोजचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बसवून दिवस काढत. 2010 मध्ये ब्रॉडकॉमनं आपला ड्रायव्हर खुला केला. 2022 मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून नियम बदलला आणि जून 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच येतं. अजूनही कुणी अडलं, तर जुनी युक्ती चालते: फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावा, टेदरिंग चालू करा, हवं ते उतरवून घ्या.

एरवी काम दोन क्लिकचं आहे. कोपऱ्यातल्या चिन्हावर जा, नाव निवडा, पासवर्ड टाका. चित्रमय पडदा नसेल, तर टर्मिनलमध्ये एन-एम-टी-यू-आय ही पाच अक्षरं रोमनमध्ये लिहून एंटर दाबा, सोपी यादी उघडते. काहीच दिसत नसेल, तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण चुकून दाबलंय का, ते आधी बघा. आणि राउटर 13 व्या चॅनेलवर असेल, तर देश तपासा. लिनक्स प्रत्येक देशाचे रेडिओ-नियम पाळतं. भारतात 13 वं चॅनेल चालतं, पण लॅपटॉपवर अमेरिका नोंदलेली असेल, तर त्याला ते नेटवर्क दिसतच नाही.

चुनारचा दगड

काशीचे घाट आणि जुने वाडे जवळच्याच चुनारच्या वालुकाश्मात बांधलेले. पक्का महाल या काशीच्या जुन्या वस्तीतल्या जाड भिंतींपलीकडे वायफायची 5 गिगाहर्ट्झची लहर फार क्षीण होऊन पोचते, 2.4 ची त्या मानानं बरी. तिथे वेग सोडून 2.4 घ्यावं. गिगाहर्ट्झ जितके जास्त तितकी लहर आखूड, आणि अशा आखूड लहरींचा भारतातला इतिहास मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विनातार घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. त्यांनी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड लहरींवर काम केलं. 60 गिगाहर्ट्झचं वायफाय 2012 मध्ये ज्या पट्ट्यात आलं, तो हाच!

माकडं आणि महासंगणक

2015 मध्ये काशीच्या घाटांवर मोफत वायफाय आलं, सुरुवात दशाश्वमेध आणि शीतला घाटांपासून. त्यासाठी टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्या आणि दोन महिन्यांच्या आत त्या बदलाव्या लागल्या. ही बातमी जगभर गेली.

लिनक्स काशीत नवखं नाही, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं बांधलेला 'परम शिवाय' हा महासंगणक 19 फेब्रुवारी 2019 ला वाराणसीच्या आयआयटी बीएचयूमध्ये सुरू झाला. 837 टेराफ्लॉप वेगाचा, राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतला पहिला आणि अर्थातच लिनक्सवर चालणारा. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवरच चालतो.

आज घरी राउटरच्या सेटिंगमध्ये एकदा डोकावा. तिथे 'ओपन' किंवा डब्ल्यूईपी दिसलं, तर डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 निवडा, निदान पंधरा-वीस अक्षरांचा पासवर्ड घाला, आणि लिनक्सच्या लॅपटॉपवर तो एकदाच टाका. पुढे तो लक्षात ठेवायचं काम लॅपटॉप करतो.