मोबाईल घेताना खोक्यावरचं नीट वाचा

शेतकरी बंधूंनो, बियाणं घेताना पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही, लेबल वाचता. पंधरा-वीस हजारांचा मोबाईलही तसाच घ्या. एवढ्या पैशांत सगळंच मिळत नाही. काय सोडायचं ते आधी ठरवा. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नसला तरी अडत नाही. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. तिला साधा फोटो चालतो, पण जीपीएसने शेताची जागा अचूक दाखवली पाहिजे. नोंद राहिली तर सातबारावर पीक लागत नाही. दुकानाबाहेर उन्हात पडदा दिसतो का पाहा. बॅटरी ५००० एमएएचच्या खाली नको. ‘आयपी ५४’ म्हणजे शिंतोडे सोसणारा. पाटात पडला तर भरवसा नाही. अपडेट किती वर्षं मिळणार आणि दुरुस्ती तालुक्याला होते का, हे पैसे मोजण्याआधी विचारा.