सीडीतून अब्बांचा आवाज कुठे गेला?

अब्बांच्या इंतकालनंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही जळकोटच्या घरी त्यांच्या जुन्या फोटोंचा स्लाईड शो तयार केला. फोटोंच्या मागे त्यांचाच आवाज लावला. आजारी पडण्याआधी ते आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगत बसले होते, तेव्हा मोबाईलवर टिपलेला, आठ मिनिटांचा. सीडी काढून नांदेडला आपांकडे आणि पुण्याला धाकट्या भावाकडे धाडली.

दोन दिवसांनी आपांचा फोन आला. "फोटो सगळे दिसतात रे, पण अब्बा बोलतच नाहीत."

आम्हाला वाटले, त्यांचा स्पीकर बंद असेल. मग वाटले, सीडी खराब निघाली. दुसरी काढून पाठवली, तीही मुकीच. आमच्या घरी मात्र तीच सीडी छान बोलत होती! खरी मेख तिथेच होती.

आमच्याकडे पॉवरपॉईंट २००७ होते. त्यात किंवा त्याआधीच्या आवृत्तीत एमपीथ्री लावली, की ती स्लाईड शोच्या फाईलमध्ये जात नाही. ती कॉम्प्युटरवर कुठे ठेवली आहे, एवढीच नोंद होते. फक्त वेव्ह प्रकारची, शंभर केबीपेक्षा लहान फाईल आत बसते. ही मर्यादा वाढवता येते, पण चांगल्या प्रतीचा वेव्ह आवाज मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा खातो. म्हणजे सीडीवर फक्त आवाजाचा पत्ता गेला होता. आवाज जळकोटलाच राहिला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात घरी वाजलेले गाणे मंचावर गप्प होते, तेही बहुधा याच कारणाने.

उपाय सोपा निघाला. आधी एक नवा फोल्डर करावा. फोटो आणि आवाजाची फाईल त्यात ठेवावी, स्लाईड शोही त्यातच सेव्ह करावा आणि मगच आवाज जोडावा. नंतर फाईलचे नाव बदलू नये. शेवटी 'पॅकेज फॉर सीडी' ही सोय वापरावी. तिच्या पर्यायांत 'लिंक्ड फाईल्स'वर खूण असली, की आवाजाच्या फाईलीही सोबत जातात.

पॉवरपॉईंट २०१० पासून आवाज आपोआप आत बसतो; मात्र जोडताना 'लिंक टू फाईल' निवडू नये. 'क्रिएट अ व्हिडिओ' केले तर स्लाईड शोचा व्हिडिओ होतो आणि पाहणाऱ्याकडे पॉवरपॉईंट नसले तरी चालते.

पहिला फोटो बदलताच आवाज थांबत असेल, तर तो दोष वेगळा. त्यासाठी 'प्ले अक्रॉस स्लाईड्स' निवडावे. आवाज अडखळत असेल, तर सगळा फोल्डर सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा आणि तिथून चालवावा.

सीडी देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. आवाजाची फाईल आठ एमबीची आणि स्लाईड शो तीन एमबीचा असेल, तर आवाज आत नाही हे उघड आहे. मग तो सीडीवर वेगळा तरी आहे का, ते बघावे. दुसरे, सीडी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावून पाहावी. ते जमत नसेल, तर आपल्याकडच्या मूळ फोल्डरचे नाव थोडा वेळ बदलून सीडी चालवावी. तरीही आवाज आला, तर तो सीडीवरूनच येतो आहे.

हे उमगले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून त्याच आठवड्यात तो फॉरमॅट करायला द्यायचा होता. मोबाईल तर केव्हाच बदलला होता. सीड्या वाटल्या आहेत, आता काळजी नाही, अशा भरवशावर आम्ही होतो. अब्बांचा आवाज पुसलाच गेला असता.

नवी सीडी पोहोचली त्या दिवशी आपांचा पुन्हा फोन आला. त्या काहीच बोलल्या नाहीत. मागून अब्बा बोलताना ऐकू येत होते.

आता बऱ्याच नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, आणि ओरखडे पडलेली सीडी कधी दगा देईल सांगता येत नाही. तुमच्या कपाटात निकाहची, आजीच्या आवाजाची अशी एखादी सीडी असेल, तर या सुट्टीत ती लावून पाहा. आवाज येतो का ऐका. येत असेल तर पेनड्राईव्हवर उतरवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. येत नसेल, तर ती ज्या कॉम्प्युटरवर बनवली तो भंगारात जाण्याआधी शोधा.